लिएझचे दोन ल्युसिफर: थोरल्या गेफ्सचा कोणता, धाकट्याचा कोणता?

बेल्जियममधल्या लिएझ शहराच्या सेंट पॉल कॅथेड्रलसाठी दोन सख्ख्या भावांनी एकच विषय घडवला: स्वर्गातून पडलेला देवदूत ल्युसिफर. दोन्ही शिल्पं संगमरवरी, दोन्ही बसलेली, दोघांना वटवाघळाचे पंख. शिल्पकारांचं आडनावही एकच, गेफ्स. त्यामुळे इंटरनेटवर एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो.

गेफ्स घराणं अँटवर्पजवळच्या बोर्गरहाउटचं. सहा भाऊ शिल्पकार झाले, त्यांत गियोम (१८०५–१८८३) थोरला. कॅथेड्रलच्या प्रवचनपीठाचं काम १८३७ साली त्याच्याकडे आलं. पीठामागचा ल्युसिफर मात्र आधी घडवला धाकट्या जोसेफने (१८०८–१८८५). १८४३ मध्ये तो बसवला आणि ओरड सुरू झाली: सैतान इतका देखणा? प्रवचन सोडून लोक त्याच्याकडेच बघत राहतील! बिशप व्हान बोमेल यांनी तो हलवायला लावला. १८४८ मध्ये त्या जागी गियोमचा ल्युसिफर आला. तो आजही तिथेच आहे. जोसेफचा ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममध्ये.

ओळखायचं कसं? पायाकडे बघा. गियोमच्या ल्युसिफरच्या पायात बेडी आहे, जवळच दातांचे व्रण असलेलं सफरचंद पडलंय. केसांतून दोन लहान शिंगं डोकावतात. एक हात डोक्यावर गेलाय, वरून येणारा घाव अडवावा तसा, आणि डोळ्यातून एकच अश्रू ओघळलाय. जोसेफच्या शिल्पात बेडी नाही, शिंगं नाहीत. तिथे आहे खाली बघणारा, कोवळ्या अंगाचा तरुण आणि पायाशी सरपटणारा साप. पंख झाकले तर त्याला सैतान म्हणणं जड जाईल.

थोरल्याने सैतानाचं देखणेपण कमी केलं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. गियोमचा ल्युसिफरही देखणाच आहे, पंखांच्या कमानीत बसलेलं ते शरीर तितकंच घाटदार. त्याने सौंदर्याला हात लावला नाही, त्यावर शिक्षा लादली. म्हणूनच तो जास्त अस्वस्थ करतो.

घोळ इथेच संपत नाही. बेल्जियमचा पहिला राजा लिओपोल्ड याचेही पुतळे दोघांनी केले: ब्रसेल्सच्या काँग्रेस स्तंभावर उभा आहे तो गियोमचा, अँटवर्पमधला घोड्यावरचा जोसेफचा.

आणि चित्राखाली ‘गेफ्स’ अशी सही दिसली, तर या भावांच्या आधी फॅनी गेफ्सचं नाव घ्यावं. माहेरची कॉर, ब्रसेल्सची, छपाईसाठी धातूवर चित्रं कोरणाऱ्या एरिन कॉर याची बहीण, गियोमची बायको. व्यक्तिचित्रं आणि धार्मिक चित्रं रंगवून तिने स्वतःचं नाव कमावलं होतं.