कोपान : मंदिरे आणि घरे

होंडुरासच्या पश्चिम टोकाला, ग्वातेमालाच्या सीमेजवळ कोपान नदीच्या खोऱ्यात वसलेले माया संस्कृतीचे प्राचीन नगर. इ. स. ४२६-२७ च्या सुमारास किनिच याश कुक मो याने येथे राजवंश स्थापला. पुढची चार शतके, सोळाव्या राजापर्यंत, नगर वाढत गेले. माया नगरे म्हणजे एरवी ओस पडलेली आणि केवळ सणासमारंभाला गजबजणारी धर्मस्थळे, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक अभ्यासक मानत. तो समज मोडून काढण्यात कोपानच्या खोऱ्यातील वस्त्यांच्या उत्खननाचा मोठा वाटा आहे. येथे मंदिर आणि घर या दोन वेगळ्या कल्पना नव्हत्याच; एकच रचना लहान-मोठ्या प्रमाणात उभी राहिलेली दिसते.

त्या रचनेचा गाभा म्हणजे अंगण. मोकळ्या चौकोनाभोवती उंच जोती, जोत्यांवर अंगणाकडे तोंड केलेल्या इमारती, आत बसण्या-झोपण्यासाठी दगडी ओटे, आणि जमिनीखाली पूर्वज. जुनी वास्तू पाडायची, तिच्या भरावावर नवी चढवायची, हा क्रम राजापासून सामान्य कुटुंबापर्यंत सगळीकडे चालू होता.

नगराच्या मध्यभागी उत्तरेला विस्तीर्ण चौक आणि दक्षिणेला कृत्रिम उंचवटा (ॲक्रोपोलिस) आहे. चौकातील उभ्या शिलास्तंभांपैकी बहुतेक तेरावा राजा वाशाक्लाहून उबाह काविल याचे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला येथला हिरवट टफ दगड ताजा असताना मऊ असतो. त्यामुळे इतर बहुतेक माया नगरांत उथळ राहिलेले कोरीवकाम येथे जवळजवळ पूर्ण मूर्तीइतके उठावदार झाले. चौक आणि उंचवटा यांच्यामध्ये चेंडूच्या खेळाचे मैदान आहे. त्याच्या उतरत्या बाजूंवर मकाव पोपटांची दगडी मुंडकी बसवलेली होती. मैदानाचे अखेरचे रूप ७३८ साली पूर्ण झाले आणि त्याच वर्षी शेजारच्या किरिग्वाच्या राजाने तेराव्या राजाला पकडून त्याचा शिरच्छेद केला.

मैदानाशेजारचा चित्रलिपी जिना ही माया जगातील सर्वांत लांब ज्ञात शिलालेखाची जागा. साठाहून अधिक पायऱ्या आणि सुमारे २,२०० चिन्हे असलेल्या या जिन्यावर राजवंशाचा इतिहास कोरलेला आहे. पंधराव्या राजाने तो आठव्या शतकाच्या मध्यास पूर्ण केला. पराभवानंतर वंशाची प्रतिष्ठा सावरण्याचा हा प्रयत्न असावा, असे बहुतेक अभ्यासक समजतात. दगड मात्र मातीच्या भरावावर बसवले होते, त्यामुळे वरचा मोठा भाग घसरून पडला. विसाव्या शतकात पायऱ्या पुन्हा रचताना, लिपी वाचता येत नसल्याने, बऱ्याच दगडांचा क्रम चुकला. मूळ जागी असलेल्या खालच्या पायऱ्यांवरचा मजकूरच आज सलग वाचता येतो.

उंचवट्याचा खरा खजिना पोटात आहे. सोळाव्या क्रमांकाच्या पिरॅमिडमध्ये बोगदे खणताना १९८९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रिकार्दो अगुर्सिया यांना रोसालिला हे मंदिर अखंड सापडले. सहाव्या शतकातील या मंदिरावरील चुन्याच्या गिलाव्यातील देवमुखे आणि त्यांचा लाल रंग टिकून होता. वास्तू पुरताना ती फोडण्याची प्रथा असूनही येथे मात्र काळजीपूर्वक माती भरलेली होती. आत कापडात गुंडाळलेली, मानवी मुखांच्या आकाराची गारगोटीची नऊ पाती मिळाली. रोसालिलाखाली त्याहून जुन्या वास्तू, आणि सर्वांत तळाशी हुनाल ही छोटी इमारत. तिच्यातील थडगे वंशसंस्थापकाचे मानले जाते. वरच्या पिरॅमिडसमोर सोळावा राजा याश पासाह याने ७७६ मध्ये बसवलेल्या चौकोनी वेदीवर सोळाही राजे बाजूंना चार-चार करून बसलेले आहेत, आणि संस्थापक स्वतः त्याच्या हाती राजदंड देताना दिसतो.

नगराच्या पूर्वेस, दगडी पायवाटेने जोडलेली लास सेपुल्तुरास ही वस्ती. येथे एकमेकांना चिकटलेली अंगणे आहेत. सर्वांत मोठ्या अंगणातील मुख्य घरावर मोझेकसारखे जोडलेले दगडी शिल्प होते आणि आतल्या ओट्याच्या दर्शनी बाजूवर याश पासाहच्या काळातील कोरीव लेख आहे. असा ओटा म्हणजे मालकाची मानाची बैठक. घराच्या भरावात सापडलेल्या मूर्तीच्या एका हातात लेखणी व दुसऱ्यात शंखाची दौत आहे. त्यावरून हे लेखनिकांचे घराणे असावे. शेजारच्या अंगणांतील खोल्या साध्या होत जातात. स्वयंपाकाच्या जागा वेगळ्या, मृतांची थडगी अंगणात व जोत्याखाली. प्रतिष्ठित घरांना छत दगडी असे : दोन्ही भिंतींचे थर वर जाताना थोडे-थोडे आत सरकवून माथ्यावर फरशीने मिटवलेले. कमानीचा मधला कळीचा दगड माया गवंडी वापरत नसत, म्हणून खोल्या अरुंद आणि भिंती जाड.

बहुसंख्य लोक मात्र कुडाच्या, गवताने शाकारलेल्या घरांत राहत. त्यांचे आज दगडी जोतेच उरते. अशी घरे आतून कशी होती, हे एल साल्वादोरमधील होया दे सेरेन या ज्वालामुखीच्या राखेत पुरलेल्या गावावरून कळते : झोपण्याची, कोठाराची आणि स्वयंपाकाची इमारत स्वतंत्र.

बांधकामाचा अखेरचा मोठा काळ याश पासाहसोबत संपला. ८२२ मधील शेवटच्या राजवेदीची एकच बाजू पूर्ण कोरलेली आहे. पुढे नदीने उंचवट्याची पूर्व बाजू कापून काढली; विसाव्या शतकात नदीचा प्रवाह वळवावा लागला. १९८० पासून कोपान जागतिक वारसा यादीत आहे. चित्रलिपी जिना पावसापासून वाचवण्यासाठी त्यावर ताडपत्रीचे आच्छादन घातलेले असते, आणि रोसालिलाची पूर्ण आकाराची प्रतिकृती स्थळावरील शिल्पसंग्रहालयात पाहता येते.