राक्षस अमेरिकेत गेला आणि वाघ झाला

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा गेम, तो खेळताना पहिल्यांदा राक्षस समोर आला तेव्हा मी थबकलोच, कारण त्याला चक्क वाघाचं डोकं होतं आणि हाताचे तळवे उलटे. आपल्याकडे उलटे पाय असतात ते भुताचे, राक्षसाचे उलटे हात कधी ऐकले नव्हते. मग हा आपला शब्द तिकडे गेला कसा ते शोधत बसलो.

हा गेम १९७४ साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी केलेला. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकन टीव्हीवर एका हॉरर मालिकेत राक्षसाची गोष्ट दाखवली, त्यातला राक्षस तुमचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याचंच रूप घेऊन येतो आणि मंतरलेल्या बाणानेच मरतो. गायगॅक्सने १९७५ मध्ये राक्षस गेममध्ये घेतला तो हेच सगळं घेऊन, म्हणजे नाव आपलं पण गुण टीव्हीवरून आलेले! वाघाचं तोंड मात्र अगदीच परकं नाही हं, सुंदरकांडात अशोकवनात सीतेभोवती ज्या राक्षसिणी बसल्यात त्यांच्यात डुकराच्या, हरणाच्या, म्हशीच्या तोंडाच्या आहेत तशा शार्दूलमुखीही आहेत, आणि शार्दूल म्हणजे वाघच की.

कोबोल्डची गोष्ट तर मला याहून आवडते. गेममध्ये हे बुटके चिवट प्राणी, नवीन खेळाडू सुरुवातीला यांच्याशीच लढतात. मूळ कोबोल्ड जर्मन लोककथेतला, घरात नाहीतर खाणीत राहणारा खोडकर जीव. खाणकामगारांना चांदीसारखं दिसणारं खनिज सापडायचं, वितळवायला गेलं की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर, मग ते म्हणायचे की कोबोल्डने चांदी पळवली आणि हे ठेवलं. १७३५ च्या सुमारास स्वीडनच्या गेओर्ग ब्रांटने त्या खनिजातून एक नवा धातू ओळखला आणि नाव तेच राहिलं, कोबाल्ट. तुमच्या मोबाईलच्या बॅटरीत बहुतेक तो असतोच. निकेलचंही तसंच, तेही एका खाणीतल्या भुताचंच नाव.

गेममधला लिच म्हणजे मेल्यावरही जादूने टिकून राहिलेला मांत्रिक, पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फक्त शरीर, प्रेत एवढाच. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारात शिरताना छप्पर असलेलं फाटक असतं, पाद्री येईपर्यंत शवपेटी तिथे टेकवायचे, त्याला अजून लिचगेटच म्हणतात.

काही नावं मात्र कोर्टाच्या भीतीने बदलली. गेमच्या पहिल्या पुस्तिकांमध्ये सरळ हॉबिट, एंट, बॅलरॉग असं छापलं होतं, ही नावं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनची, त्याच्या कथांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी आक्षेप घेतला आणि मग हाफलिंग, ट्रीएंट, बॅलोर झाले. हाफलिंग हा तसा जुना स्कॉटिश शब्द, अर्धवट वाढलेल्या पोराला म्हणायचे.

आणि काही निव्वळ घरची आहेत. टेन्सर हा जादूगार म्हणजे गायगॅक्सच्या अर्नेस्ट नावाच्या मुलाची रोमन अक्षरं पुढेमागे केलेली, ड्रॉमिज म्हणजे गायगॅक्सबरोबर खेळणारा जिम वॉर्ड उलटा वाचायचा, वेक्ना म्हणजे लेखक जॅक व्हान्सच्या आडनावाची अक्षरं तशीच फिरवलेली. मित्रांच्या टेबलावर गमतीत ठेवलेली ही नावं आज जगभर लोक गंभीरपणे घेतात, मला हे फार भारी वाटतं.

राक्षसाकडे परत येतो. उत्तरकांडात ब्रह्मदेव पाणी निर्माण करतो आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी घडवतो, त्यातले जे "रक्षाम" म्हणाले, म्हणजे आम्ही राखू, ते राक्षस झाले. हा राखणदार अर्थ गेममध्ये कुठेच पोचला नाही याची मला खरंच हळहळ वाटते. म्हणून आमच्या पुढच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे बरेच दिवस चालणाऱ्या खेळाच्या गोष्टीत, मी कोकणातला देवचार घेतलाय, रात्री गावाच्या शिवेवर फिरणारा आणि वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. नाव देवचारच ठेवलंय, आणि त्याला मारायचा नियम लिहिलेलाच नाही.