एनसी घेतली म्हणजे केस झाली नाही

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ग्रुपवर एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या पोलीस नोंदीच्या, कागदाचा फोटो टाकतं, खाली लिहितं "कुत्र्याला उपाशी ठेवणाऱ्यावर केस केली", मग हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि विषय संपतो. खरंच संपतो, कारण त्या कागदावर पुढे काहीही होत नाही. एनसी आणि एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाळीव प्राण्याच्या आबाळीत हाच गोंधळ त्या प्राण्याच्या जिवावर उठतो.

एफआयआर तुम्हाला माहीतच आहे. गुन्हा दखलपात्र असला की पोलीस एफआयआर नोंदवतात आणि कोणाची परवानगी न घेता तपास सुरू करतात. प्राण्याला मारून टाकलं, विष घातलं, अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, ५ वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ च्या आधी हेच जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२८ आणि ४२९ होतं, जनावराची किंमत किती यावर शिक्षा ठरायची, ते आता गेलं. आणि कृपा करून उपाशी कुत्र्याच्या तक्रारीत न्याय संहितेचं कलम २९१ लिहू नका, त्यात हलगर्जीपणा हा शब्द आहे म्हणून लोक ते टाकतात, पण ते कलम तुमचा कुत्रा दुसऱ्या माणसाला इजा करेल याची काळजी न घेण्याबद्दल आहे.

आता आबाळ. ती येते प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ मध्ये. पुरेसं खायला-प्यायला न देणं, निवारा न देणं, आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायलाच न नेणं, भुकेने तडफडेल अशा ठिकाणी सोडून देणं, हे सगळं गुन्हाच आहे. "आम्ही त्याच्यावर कधी हात उगारला नाही" हे उत्तर इथे चालत नाही, कारण गुन्हा मारण्याचा नाहीच, न देण्याचा आहे. पण याच कायद्याचं कलम ३१ कोणी वाचत नाही. प्राण्यांच्या झुंजी लावणं, क्रूरपणे जीव घेणं असे मोजके प्रकारच त्यात दखलपात्र धरलेत. उपाशी ठेवणं त्यात नाही. त्यामुळे ठाण्यात जाऊन "एफआयआर का घेत नाही" म्हणून ड्यूटीवरच्या अंमलदाराशी भांडणं मला अजिबात पटत नाही, तो बहुतेक वेळा बरोबर असतो, आणि तुमची सगळी ताकद चुकीच्या जागी खर्च होते.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, बस. पोलीस ती वहीत लिहितात, तुम्हाला प्रत देतात आणि मॅजिस्ट्रेटकडे जा असं सांगतात, बऱ्याचदा हे त्या कागदावरच छापलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे एफआयआरनंतर पुढचं पाऊल पोलिसांचं, एनसीनंतर ते तुमचं. एकतर तपासाचा आदेश मागायचा, नाहीतर वकिलामार्फत थेट खाजगी फौजदारी तक्रार दाखल करायची.

आणि याला मुदत आहे. १९६० च्याच कायद्याचं कलम ३६ सांगतं की गुन्हा घडल्यापासून ३ महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही. एनसी घेतल्याने ती मुदत थांबत नाही.

हे मी चुकूनच शिकले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या गॅलरीत एक लॅब्रॅडोर कुत्रा दिसायचा, हातभर साखळी, बाजूला स्टीलचं भगुलं, त्यातलं पाणी आटून तळाला हिरवट थर बसलेला, आणि दुपारी ऊन आलं की तो भिंतीला चिकटून बसायचा कारण साखळी सावलीपर्यंत पोचतच नव्हती. बरगड्या मोजता यायच्या. मी जूनमध्ये एनसी केली आणि वाट बघत बसले. ऑक्टोबरमध्ये वकिलाकडे गेले, त्यांनी आधी तारीख विचारली आणि कागद परत दिला. तोवर ती माणसं भाड्याचं घर सोडून गेली होती, कुत्र्यासकट. आबाळ रोजच चालू होती म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते असा वाद घालता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका, पहिल्या तारखेपासूनच मोजा.

दंडाकडे बघून लोक म्हणतात कशाला एवढा उपद्व्याप, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. रक्कम लाजिरवाणी आहे, मान्य. पण दोष सिद्ध झाला तर कलम २९ खाली कोर्ट तो प्राणी मालकाकडून काढून घेऊ शकतं, त्याला प्राणी ठेवायला बंदीही घालू शकतं, आणि ३ वर्षांत परत तेच केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही दारं दोष सिद्ध झाल्यावरच उघडतात, नुसत्या एनसीवर कधीच नाही.

अदखलपात्र आहे म्हणून पोलीस कुत्र्यासाठीही काही करू शकत नाहीत, हा आणखी एक गैरसमज. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कुठलाही पोलीस प्राणी ताब्यात घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे तपासणीला नेऊ शकतो. तक्रारीत हे कलम नाव घेऊन लिहा आणि तशी लेखी विनंती करा. तपासणीत वजन, पाणी कमी पडल्याची लक्षणं, मानेवरचे वळ हे सगळं डॉक्टरांच्या सहीनिशी कागदावर येतं, आणि कोर्टात तुमच्या रीलपेक्षा तो कागद शंभरपट उपयोगी पडतो. फोटो काढायचे तर आपल्याच गॅलरीतून, रोज एकाच वेळी, तारीख दिसेल असे. त्यांच्या दारात घुसून नाही. आणि एनसीची प्रत हातात आली की त्याच दिवशी तिच्या मागे पेनाने ३ महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा, वकिलाचा फोन त्याच आठवड्यात.