ग्रहण, मावशी आणि हरलेला वाद

२५ ऑक्टोबर २०२२. आदल्या रात्री लक्ष्मीपूजन झालेलं आणि त्या संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण. सोलापुरात मावशीच्या घरी फराळाच्या प्रत्येक डब्यात तुळशीचं पान पडलं होतं. चिवड्यात, शंकरपाळ्यांत, शेंगाचटणीच्या बरणीतसुद्धा. मावसबहीण सात महिन्यांची गरोदर. तिला आतल्या खोलीत बसवलेलं, पडदे ओढलेले, विळी-कात्री-सुईला हात लावायचा नाही अशी ताकीद. आणि मी वेल्डिंगची १४ नंबरची काच हातात घेऊन मावशीशी भांडत होतो.

"सावली आहे गं ती, चंद्राची सावली. सावलीनं कुठं बाळाचा ओठ फाटतो?"

"मला नको शिकवू. तुझ्या वेळेला तुझी आई ग्रहणात पाणीसुद्धा प्याली नव्हती. म्हणून धड आहेस."

यावर काय बोलणार? तरी मी बोललो, भरपूर बोललो. राहू-केतू काढले, पंचांग काढलं, शेवटी आवाजही चढला. मावशी गप्प झाली, तेव्हा मला वाटलं जिंकलो. मग तिनं चहा आणून दिला. कपात तुळशीचं पान.

श्रद्धेवर वाद घालून काही होतं का, हा प्रश्न मी त्या पानाकडे बघत स्वतःला विचारला. मानसशास्त्रज्ञ तो बरीच वर्षं विचारत आहेत, आणि त्यांच्या हाती जे लागलं ते ना माझ्या बाजूचं ना मावशीच्या.

अमेरिकेत २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ठाम राजकीय मतं असलेल्या ४० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांच्या मतांविरुद्धचे मुद्दे वाचायला दिले. काही मुद्दे राजकीय होते, काही साधे. म्हणजे विजेचा दिवा एडिसननं शोधला, अशा समजुतींना धक्का देणारे. साध्या गोष्टींवर लोक बऱ्यापैकी हलले. राजकीय मतांवर जवळपास नाहीच. त्या वेळी मेंदूत ज्या भागांची हालचाल वाढली, ते आपण स्वतःविषयी विचार करताना जागे होणारे भाग होते. जे अजिबात हटले नाहीत, त्यांच्यात भीती आणि शारीरिक अस्वस्थतेशी जोडलेले भागही जास्त पेटलेले दिसले. प्रयोग राजकीय मतांचा होता, धार्मिक नव्हे, आणि माणसं जेमतेम ४०. पण मावशीचा चेहरा आठवला की मला तो पटतो. मी ग्रहणावर बोलत होतो. तिच्या कानावर पडत होतं की तुझी आई खुळी, तुझी बहीण खुळी, आणि तूही.

मग पुरावा दिला की माणूस उलटा जास्तच हट्टाला पेटतो का? २०१० च्या सुमारास असं दाखवणारा एक अभ्यास खूप गाजला, आणि कित्येकांनी 'बोलून उपयोग नाही' ही सबब त्यातून उचलली. पुढं दुसऱ्या संशोधकांनी ५२ मुद्दे घेऊन १०,००० हून अधिक लोकांवर तेच तपासलं. तसा उलटा परिणाम जवळपास कुठंच सापडला नाही. योग्य माहिती दिली की माणसं ती माहिती बहुतेक वेळा स्वीकारतात. निष्ठा मात्र जिथल्या तिथं राहते. ही जरा विचित्र पण कामाची गोष्ट आहे. तथ्य एका खिशात, निष्ठा दुसऱ्या खिशात.

ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक कल्पना मांडली: तर्कबुद्धी ही एकट्यानं बसून सत्य शोधण्यासाठी घडलेलीच नाही, ती दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचं पारखून घेण्यासाठी घडली. म्हणून स्वतःच्या मुद्द्याला आपण काहीही चालवून घेतो आणि समोरच्याचा मुद्दा मात्र मंडईतल्या वांग्यासारखा उलटापालटा करून बघतो. मर्सिए आणि सहकाऱ्यांनी पुढं एक खोडसाळ प्रयोग केला. लोकांना कोडी घातली, उत्तरामागची कारणं लिहून घेतली, आणि नंतर त्यांचंच कारण 'हे दुसऱ्या कुणाचं' म्हणून त्यांच्यापुढं ठेवलं. जवळपास निम्म्या लोकांनी लबाडी ओळखली. ज्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिकांनी स्वतःचंच कारण चुकीचं म्हणून फेटाळलं!

म्हणजे वादाचा फायदा आहे, फक्त तो एकट्या माणसात शोधायचा नाही. चार पत्त्यांचं एक प्रसिद्ध तर्ककोडं आहे, मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं. एकेकट्याला ते १०० पैकी जेमतेम १० जणांना सुटतं. १९९८ मध्ये तेच पाच-सहा विद्यार्थ्यांच्या २० गटांना चर्चा करून सोडवायला दिलं, तर १५ गटांना जमलं. अट एकच, उत्तर कोणतंही निघालं तरी कुणाचं नाक कापलं जात नव्हतं. मावशीच्या घरी मात्र दोन नाकं पणाला लागली होती.

आणि श्रद्धा मुळात आत येते तीच युक्तिवादाच्या दारानं नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्ये मांडलं की माणूस शब्दांपेक्षा कृतीवर विश्वास ठेवतो. जी कृती करायला काहीतरी किंमत मोजावी लागते तिच्यावर जास्तच. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सातही उंच, जड नंदीध्वज पेलत शहरातल्या ६८ लिंगांची वाट चालतात, तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलेल्या पोराला कुणी पुरावा देत नाही. ते फक्त बघतं, की एवढं वजन हा माणूस हसत उचलतोय. माझ्यासाठी तसंच मावशीनं आणि आईनं उपाशी राहून दाखवलं होतं. माझ्याकडं होती काच.

गंमत म्हणजे वादाचं या गावाला वावडं नाही. सिद्धरामेश्वर तळं खणून घेत असताना संतकवी अल्लमप्रभू इथं आले आणि 'खोदकामातच अडकलास की' म्हणून त्यांनी सिद्धरामांना डिवचलं, अशी कथा 'शून्यसंपादने' या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात आहे. खणणाऱ्या लोकांनी चिडून अल्लमांवर दगड फेकले. पण कथेत सिद्धराम पुढं अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेले, अनुभवमंटपात, म्हणजे बसवण्णांच्या चर्चासभेत. दगड फेकणाऱ्यांचं मत बदललं की नाही, याची चौकशी कुणी करत नाही.

मला वाटतं, आपण दोन निराळे प्रश्न एकाच पातेल्यात शिजवतो. देव आहे की नाही, यावर कट्ट्यावर रात्र काढायची तर खुशाल काढावी, चहा छान लागतो. पण तो तपासायचा कसा, हेच कुणाला सांगता येत नाही. ग्रहणानं ओठ फाटतो का, हे तपासता येतं. आणि तपासता येणारी गोष्ट मी त्या संध्याकाळी बोललोच नव्हतो. ती मला बहिणीनं विचारली. रात्री साडेअकराला, व्हॉट्सअॅपवर, आतल्या खोलीतून: "दादा, बाळाचा ओठ नक्की कधी तयार होतो?"

गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पेशी मध्याकडं सरकतात आणि जुळतात. त्या नीट जुळल्या नाहीत तर ओठ दुभंगलेला राहतो. कारणं जनुकांत आहेत, आईचं धूम्रपान, मधुमेह, काही औषधं यांतही आहेत. हे मी लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: "मग सातव्या महिन्यात काय फाटणार? तो तर कधीच झालाय की." आणि लगेच दुसरं: "आईला सांगू नकोस."

म्हणजे मी भांडत होतो एकीशी आणि ऐकत होती दुसरीच, पडद्याआडून. शिवाय आरडाओरड्यात मावशीचं जे खरं होतं तेही मी खोटं ठरवून टाकलं होतं. ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघू नका, हे ती पहिल्यापासून सांगत होती. सूर्य झाकलेला दिसला की माणूस टक लावून बघतो, आणि उरलेल्या कोरीचा प्रकाशही पडद्याला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या नेत्रपटलाला, भाजायला पुरेसा असतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तेवढ्यावर तरी 'बरोबर बोलतेस' म्हणायला हवं होतं.

पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर २०२३ ला, कोजागिरीच्याच रात्री चंद्रग्रहण आलं. वेध दुपारपासून, आणि दूध तर चंद्राच्या उजेडात ठेवायचं. अख्ख्या गल्लीत चर्चा. मी या वेळी तोंड मिटून होतो. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"तुझ्या त्या विज्ञानात किती वाजता लागायलंय रे?"

"सावली दिसायला एक वाजून पाच मिनिटांनी. दोन बावीसला सुटतं."

"म्हणजे बारापर्यंत चंद्र चांगलाच की."

"चांगलाच."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागं नातू रडत होता. "वेध लहान लेकरांना नसतात तसे," ती म्हणाली. "अन् त्याला पाजायचं म्हणजे दूध आटवायला लागणारच. तू ये साडेदहाला. काजू घेऊन ये येताना."

गेलो. पातेल्यात तुळशीचं पान होतंच. पेले मात्र सगळ्यांचे भरले, तिचाही.