जोडी मागण्याआधी एवढं वाचा

बडोद्यातल्या आमच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात पाऊल टाकलं की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. मराठी असले तर "एक जोडी द्या", गुजराती असले तर "एक जोडी आपजो". ससा असो, गिनीपिग असो की गप्पी मासे, एकटा जीव घरी न्यायला कुणाला बरं वाटत नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "याला पिल्लं किती होतात हो?" उभ्या उभ्या उत्तर द्यायला गेलं की मागे रांग लागते, म्हणून हा कागद छापलाय. घरी नेऊन वाचा, पण पिंजऱ्याचं दार बंद करण्याआधी वाचा.

सशापासून सुरुवात करू, कारण तक्रारी तिथूनच जास्त. सशाची मादी 30 ते 32 दिवसांत विते, एका वेळी चार ते आठ पिल्लं, कधी बारासुद्धा. हे आकडे मोबाईलवर बघून सगळे पाठ करून येतात. घोळ होतो तो व्याल्या दिवशी. मादी व्याली, घरात पेढे वाटून झाले आणि नर तिथेच, त्याच पिंजऱ्यात. व्याल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. गाई-म्हशींसारखं माजावर येण्याचं चक्र तिला नाही. नराशी संग झाला की त्यानंतर दहा-बारा तासांत तिचं बीज सुटतं. त्यामुळे "आत्ताच तर व्याली, आता दोन महिने निवांत" हा हिशेब तिथे चालत नाही. दिवाळीला जोडी नेली, दोनदा सहा-सहा पिल्लं झाली की संक्रांतीला पिंजऱ्यात चौदा जीव. पुढे चार-पाच महिन्यांच्या झालेल्या लेकीही विणीला येतात, आणि मग आम्हाला फोन येतो.

तेव्हा एवढं करा. मादी पोटाचे केस उपटून गवतात भरायला लागली की वेळ जवळ आली म्हणून समजा. नर त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. दुसऱ्या दिवशी नाही, रविवारी सुट्टीच्या दिवशी नाही. मधे जाळी असलेला दोन कप्प्यांचा पिंजरा आमच्याकडे मिळतो, साध्या पिंजऱ्यापेक्षा थोडा महाग पडतो. तो आधी न घेता तीन महिन्यांनी धावत येऊन घेतलेले ग्राहक बरेच आहेत. नराचं ऑपरेशन करून घेतलं असेल तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याला वेगळंच ठेवायचं. तेवढा काळ त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे डॉक्टरही सांगतात आणि लोक विसरतात.

मागच्या पावसाळ्यात कारेलीबागेतल्या एक ताई बुटाचा खोका घेऊन आल्या. आत ओढणीवर सात पिल्लं, उघडी-नागडी, डोळे मिटलेले. "आईने टाकलीत, दिवसभर जवळसुद्धा जात नाही." मी एक उचलून ट्यूबलाइटखाली धरलं. पोट लिंबासारखं टणटणीत, पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं. सशाची आई पिल्लांना दिवसातून एखाद-दोन वेळाच पाजते, तेही चार-पाच मिनिटं, बहुधा पहाटे किंवा रात्री. एरवी ती मुद्दाम लांब राहते, तिच्या येण्याजाण्याने शिकाऱ्याला बिळाचा पत्ता लागू नये म्हणून. ताईंना तसाच खोका घेऊन परत पाठवलं. पिल्लाचं पोट खपाटीला गेलेलं आणि कातडीला सुरकुत्या दिसल्या तरच धावपळ करा.

गिनीपिगची गोष्ट उलटी. पोटात दोन महिन्यांहून जास्त दिवस राहतात, म्हणून बाहेर येताना अंगावर केस, डोळे उघडे, दात आलेले, आणि एक-दोन दिवसांत गवत कुरतडायला लागतात. पिल्लं दोन ते चार. लोकांना वाटतं, थोडीच आहेत, राहू देत एकत्र. पण नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आई-बहिणींपासून वेगळी काढावी लागतात, नाहीतर घरच्या घरात घोटाळा. व्याल्यावर लगेच गाभण राहण्याची खोड यांनाही आहे.

एक गंमत सांगतो. आचळं मोजली की पिल्लांचा अंदाज येतो. साधारण निम्मी पिल्लं धरायची. सशाला आठ-दहा आचळं, शेळीला दोन, हत्तिणीला दोन. हत्तीण 22 महिने पोटात वागवते आणि पिल्लू एक. गिनीपिगला दोनच आचळं असून चार पिल्लं निभतात, कारण ती जन्मतःच दातवाली.

"एवढी पिल्लं कशाला घालतात?" असं लहान मुलं विचारतात तेव्हा मी विश्वामित्री नदीकडे बोट दाखवतो. तिथली मगर वाळूत 25-30 अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. ती सगळी वाचली असती तर ऑगस्ट 2024 च्या पुरात रस्त्यावर आल्या त्याच्या कितीतरी पट मगरी आपण पाहिल्या असत्या. घोरपड, बगळे, मोठे मासे त्यांचा हिशेब करून टाकतात. सशाचा आकडाही असाच कोल्हे-ससाणे धरून ठरलाय. मांजलपूरच्या गॅलरीत ना कोल्हा ना ससाणा. जन्मलेली बहुतेक सगळी जगतात आणि गाजरं तुम्हाला आणावी लागतात.

गप्पीबद्दल भांडण ठरलेलं. "आम्ही एकच मादी नेली होती, तरी पिल्लं झाली, तुम्ही फसवलं!" फसवलं नाही. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि दर महिन्याला वीस, तीस, कधी पन्नास जिवंत पिल्लं देत राहते. मॉली आणि प्लॅटीचंही तेच. नुसती शोभा हवी असेल तर सगळे नर न्या. रंगाच्या शेपट्या त्यांनाच असतात, मादी राखाडी. आणि जास्त झालेले मासे सुरसागर तलावात सोडू नका. गोल्डफिश हजारो अंडी घालतात आणि स्वतःच खातात, त्यांची तक्रार अजून कुणी आणलेली नाही.

ज्यांना सगळे "लव्हबर्ड" म्हणतात ते खरं तर बजरीगर. मडकं टांगलं तर चार ते सहा अंडी, एक दिवसाआड एक. म्हणून पिल्लंही पायऱ्यांसारखी लहान-मोठी निघतात, धाकटं आजारी नसतं. पिल्लं नको असतील तर मडकं लावूच नका. हॅमस्टरची मादी 16 दिवसांत विते आणि सारखं डोकावलं तर पिल्लं खाऊनही टाकते. तिला एकटीच ठेवा, जोडीने ते भांडून रक्त काढतात. देशी पोपट मात्र मागू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची विक्री गुन्हा आहे.

म्हणून पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही सशाच्या किंवा गिनीपिगच्या दोन बहिणी देतो, जोडी देत नाही. "विकायला बसलात की शिकवायला?" असं ऐकून घेतो. जोडी विकून पैसे आम्हालाही मिळाले असते, पण चार महिन्यांनी तीच पिल्लं टोपलीत घालून लोक आमच्याच दारात ठेवून जातात. हेही कबूल करतो की आठ आठवड्यांच्या आतल्या सशात नर-मादी ओळखताना आमचीही चूक होते. तीन महिन्यांचे झाले की आणून दाखवा, तपासणी फुकट. नर निघाला तर बदलून देऊ. पावती मात्र आणा, 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आम्हाला नोंद ठेवावी लागते.

तपासणी रविवारी सकाळी दहा ते एक. प्राणी वर्तमानपत्र अंथरलेल्या टोपलीत आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.