नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस दाखला : आठ लाख एकच, हिशेब दोन

संविधानाचे कलम 16(4) (मागासवर्गांचे नोकरीतले आरक्षण) आणि 16(6) (आर्थिक दुर्बलांचे) यांतला फरक स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. तीच मुले फेब्रुवारीत अर्ज भरायला बसली की मला विचारतात, "ताई, पप्पांचा पगार नऊ लाख झाला. म्हणजे आपलं नॉन-क्रीमी लेयर गेलंच ना?" नॉन-क्रीमी लेयर म्हणजे ओबीसींतला उन्नत गट सोडून उरलेला, आरक्षणाला पात्र गट. बहुतेक वेळा ते गेलेले नसते. उलट ज्याला वाटते की आपण गरीब आहोत, ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचे आरक्षण) आपल्याला मिळणारच, तो सहा एकर कोरडवाहू जमिनीमुळे बाहेर पडतो. तालुक्याच्या गावात अभ्यासिका चालवताना दरवर्षी हेच बघते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. इथे मी केंद्राच्या परीक्षांसाठी, म्हणजे यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँका यांसाठी लागणाऱ्या दाखल्यांबद्दल बोलते आहे. राज्याचा संबंध येईल तिथे तसे सांगेन.

नॉन-क्रीमी लेयरमध्ये काय मोजतात

16 नोव्हेंबर 1992 रोजी इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ओबीसींचे 27 टक्के आरक्षण कायम ठेवले आणि त्यातून उन्नत गट (क्रीमी लेयर) वगळायला सांगितले. त्यावर केंद्राने 8 सप्टेंबर 1993 रोजी आदेश काढला. आजही सगळा कारभार याच आदेशावर चालतो. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा 1 लाख होती. ती 2004 मध्ये अडीच, 2008 मध्ये साडेचार, 2013 मध्ये सहा आणि 2017 मध्ये आठ लाख झाली. दर तीन वर्षांनी फेरविचार व्हावा असे मूळ आदेशातच लिहिले आहे, पण 2017 नंतर आकडा हललेला नाही. संसदेच्या ओबीसी कल्याण समितीने 2025 मध्ये ती वाढवण्याची शिफारस केली आहे. परीक्षेसाठी ही मालिका लक्षात ठेवा, पण अर्ज भरताना आठ लाखच धरा.

आता खरा मुद्दा. आई-वडील सरकारी नोकरीत असतील तर त्यांचा पगार या आठ लाखांत धरत नाहीत. शेतीचे उत्पन्नही धरत नाहीत. सरकारी नोकरदारासाठी कसोटी पदाची आहे, पगाराची नाही. आई किंवा वडील यांपैकी एकजण थेट गट अ मध्ये भरती झाला असेल, तर मूल क्रीमी लेयरमध्ये. दोघेही थेट गट ब मध्ये भरती झाले असतील, तरी क्रीमी लेयरमध्ये. वडील थेट गट ब मध्ये लागले आणि वयाच्या चाळिशीत किंवा त्याआधी गट अ मध्ये बढती मिळाली, तरीही तेच. पण लिपिक म्हणून गट क मध्ये लागलेले वडील बढत्या घेत घेत अधिकारी झाले, तर केवळ त्या कारणाने मूल क्रीमी लेयरमध्ये जात नाही. 14 ऑक्टोबर 2004 च्या केंद्राच्या खुलाशात हे अगदी स्पष्ट लिहिले आहे. महामंडळे, बँका आणि सार्वजनिक उपक्रमांतील पदे सरकारी पदांशी कशी जुळवायची याचे आदेश वेगळे आहेत. तिथे नोकरी असेल तर आधी पदाची समकक्षता बघा.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. उत्पन्न सलग तीनही वर्षे मर्यादेच्या वर असेल तरच उमेदवार क्रीमी लेयरमध्ये जातो. दुकानाचा धंदा दोन वर्षे जोरात चालला आणि तिसऱ्या वर्षी बसला, तर तो उमेदवार अजूनही पात्र आहे.

ईडब्ल्यूएसमध्ये काय मोजतात

2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने कलम 15(6) आणि 16(6) आली. ती 14 जानेवारी 2019 पासून अमलात आली आणि केंद्राच्या नोकऱ्यांत 10 टक्के आरक्षण 1 फेब्रुवारी 2019 पासून लागू झाले. 7 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 3 विरुद्ध 2 मतांनी वैध ठरवले. तेव्हाचे सरन्यायाधीश उदय लळित आणि न्यायमूर्ती रवींद्र भट यांचे मत वेगळे होते. इथेही आकडा आठ लाखांचाच आहे, पण मोजमाप पूर्ण उलटे. पगार, शेती, धंदा, व्यवसाय सगळे एकत्र धरायचे आणि तेही ढोबळ, म्हणजे कर आणि कपाती जाण्याआधीचे. अर्जाच्या आधीच्या एकाच आर्थिक वर्षाचे उत्पन्न बघतात आणि ते आठ लाखांपेक्षा कमी असावे लागते.

दोन घरे समोर ठेवून बघू. दोन्ही घरांत वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पगार 9 लाख, शेतीचे दीड लाख, वर एका खोलीचे भाडे 1 लाख. पहिले घर ओबीसी आहे. पगार सोडला, शेती सोडली, मोजायला उरले भाड्याचे 1 लाख. मुलगी नॉन-क्रीमी लेयर. दुसरे घर खुल्या प्रवर्गातले. तिथे बेरीज साडेअकरा लाख होते आणि मुलगी ईडब्ल्यूएसच्या बाहेर जाते. हे न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, न्यायालयातही झाला आहे. पण दाखला काढायला जाताना नियम असा आहे हे माहीत हवे.

ईडब्ल्यूएसला मालमत्तेचीही अट आहे. कुटुंबाकडे 5 एकर किंवा जास्त शेतजमीन, 1000 चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट, अधिसूचित नगरपालिका हद्दीत 100 चौरस यार्ड किंवा मोठा निवासी भूखंड, इतरत्र 200 चौरस यार्ड किंवा मोठा भूखंड, यांपैकी एक जरी असले तरी उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही. वेगवेगळ्या गावांतल्या जमिनीची बेरीज करतात. बागायत की जिरायत असा भेद नाही. मराठवाड्यातल्या सहा एकर कोरडवाहू सोयाबीनवाल्याला याचा सर्वात मोठा फटका बसतो, आणि मला हा निकष मनापासून खटकतो. ईडब्ल्यूएसचे निकष तपासायला केंद्राने नेमलेल्या अजय भूषण पांडे समितीने डिसेंबर 2021 मध्ये घराची अट काढण्याची शिफारस केली, पण 5 एकरांची अट ठेवायलाच सांगितले.

कुटुंब म्हणजे कोण, हेही दोन्हीकडे वेगळे. ईडब्ल्यूएसमध्ये उमेदवार, त्याचे आई-वडील, 18 वर्षांखालील भावंडे, पती किंवा पत्नी आणि 18 वर्षांखालील मुले येतात. आजोबा या व्याख्येत नाहीत, त्यामुळे सातबारा कोणाच्या नावावर आहे ते नीट बघा. नॉन-क्रीमी लेयरमध्ये मात्र फक्त आई-वडिलांची स्थिती बघतात. उमेदवाराची स्वतःची कमाई धरत नाहीत, नवऱ्याचीही नाही. लग्न झालेल्या कितीतरी मुली सासरच्या उत्पन्नाचे कागद गोळा करत फिरतात. त्यांनी माहेरचेच कागद लावायचे असतात, कारण जातही जन्माने आलेली आणि कसोटीही आई-वडिलांची. ईडब्ल्यूएस हवे असलेल्या विवाहित मुलीला मात्र आई-वडील आणि नवरा, दोन्हीकडचे दाखवावे लागते.

राज्यात एक, केंद्रात दुसरे

महाराष्ट्रात वंजारी समाज एनटी-डी मध्ये आणि धनगर समाज एनटी-सी मध्ये आहे (एनटी म्हणजे भटक्या जमाती). केंद्रात असे उपगट नाहीत, हे दोन्ही समाज केंद्रीय यादीत ओबीसी म्हणून येतात. मात्र राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राची केंद्रीय यादी आहे, त्यात आपल्या जातीची नोंद कशी लिहिली आहे ते अर्जाआधीच बघून ठेवा. (या आयोगाला 2018 च्या 102 व्या घटनादुरुस्तीने कलम 338ब खाली घटनात्मक दर्जा मिळाला, आणि राज्यांना स्वतःची यादी ठेवण्याचा अधिकार 2021 च्या 105 व्या दुरुस्तीने स्पष्ट झाला. प्रश्न इथून येतात.)

मराठा उमेदवारांचा गोंधळ सर्वात जास्त. 2024 च्या राज्याच्या कायद्याने एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणून 10 टक्के आरक्षण दिले, पण ते राज्यापुरतेच. केंद्राच्या ओबीसी यादीत मराठा नाही, म्हणून केंद्राच्या परीक्षेला निकषांत बसणारा मराठा उमेदवार ईडब्ल्यूएसमधून अर्ज करतो. कुणबी मात्र केंद्राच्या यादीत ओबीसी आहे. ज्याने कुणबी दाखला काढला त्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही. दोन्ही दाखले काढून ठेवू आणि नंतर बघू, असे कोणी सुचवले तर त्या वाटेला जाऊ नका.

दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. सेतूत जाऊन नुसते "नॉन-क्रीमी लेयर द्या" म्हटले की राज्याचा मिळतो. "सेंट्रलचा ओबीसी दाखला" असे स्पष्ट सांगा. हातात आल्यावर खूण पटवायची सोपी रीत: इंग्रजी मजकुरात 36012/22/93 हा क्रमांक आणि 8 सप्टेंबर 1993 ही तारीख शोधा. ती दिसली म्हणजे दाखला त्याच 1993 च्या आदेशाच्या आधारे दिलेला आहे. ईडब्ल्यूएसच्या केंद्रीय नमुन्यात उमेदवाराच्या छायाचित्राला जागा असते आणि कोणत्या वर्षासाठी वैध ते लिहिलेले असते.

तारीख चुकली की सगळे गेले

नागरी सेवा परीक्षा 2025 चे उदाहरण घ्या. अर्जाची मुदत फेब्रुवारी 2025 मध्ये संपली. ओबीसी दाखला 2023-24, 2022-23 आणि 2021-22 या तीन वर्षांच्या उत्पन्नावर आधारित हवा होता. तो 1 एप्रिल 2024 नंतर निघालेला, पण अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला हवा होता. ईडब्ल्यूएस दाखल्याला एकच वर्ष, 2023-24. म्हणजे दाखला काढायला एप्रिल ते पुढचा फेब्रुवारी एवढा अवधी मिळतो. पुढच्या प्रत्येक परीक्षेला ही वर्षे एकेकाने सरकवून जाहिरातीशी ताडून पाहा.

2022 च्या परीक्षेत काही ईडब्ल्यूएस उमेदवार लेखी आणि मुलाखत पार करून गेले, पण 2020-21 च्या उत्पन्नाचा योग्य दाखला 22 फेब्रुवारी 2022 या मुदतीत निघालेला नव्हता. यूपीएससीने, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाने, त्यांना खुल्या प्रवर्गात धरले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने आयोगाचे म्हणणे मान्य केले. मुलाखतीपर्यंत पोचलेल्या मुलांचे असे होते, तेव्हा "निकाल लागल्यावर काढू" हा विचार करूच नका.

सवलतींचेही इथेच सांगून टाकते. नागरी सेवा परीक्षेत ओबीसीला वयात 3 वर्षे सूट आणि 9 संधी आहेत. ईडब्ल्यूएसला वयात सूट नाही आणि संधी सहाच.

कागद आणि अर्ज

अर्ज आपले सरकार पोर्टलवर स्वतः करता येतो किंवा सेवा केंद्रातून. ओबीसीसाठी आधी मूळ जात प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा शोधावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकातली नोंद, जुना महसुली उतारा, यांतले काहीतरी सापडते. आमच्या एका मुलीला पणजोबांची नोंद मोडीत मिळाली. वाचून देणारा शोधण्यात तीन आठवडे गेले. म्हणून हे काम उन्हाळ्यात करा.

त्यापुढे ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, रेशनकार्ड, उमेदवाराचा शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलदारांचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र. वडील नोकरीत असतील तर पगाराच्या कागदांबरोबर कार्यालयाचे पत्र जरूर घ्या, ज्यात नियुक्तीची तारीख, नियुक्तीच्या वेळचा गट आणि बढतीच्या तारखा लिहिलेल्या असतील. माझा अनुभव असा की अर्ज अडतो तो नेमका याच पत्राअभावी. एका टेबलावर आमच्या मुलाच्या वडिलांचा फॉर्म 16 बघून "बारा लाख, होत नाही" म्हणून अर्ज परत दिला होता. वडील गट क मध्ये भरती झाल्याचे पत्र आणि 2004 चा खुलासा जोडून पुन्हा दिला, तेव्हा दाखला निघाला. ईडब्ल्यूएससाठी उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर सातबारा, आठ-अ आणि घराचा उतारा लागतो.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याचा, चौकशी अहवाल लागतो. त्यांना आधी भेटा. उत्पन्नाचा आणि ईडब्ल्यूएसचा दाखला तहसीलदार देतात, जातीचा आणि नॉन-क्रीमी लेयरचा प्रांताधिकारी.

पोचपावती घेतल्याशिवाय केंद्रातून उठू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. मग दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. फेटाळल्याचे कारण लेखी मागा, तोंडी उत्तरावर अपील उभे राहत नाही.

दाखला आला की नाव, वडिलांचे नाव आणि जात दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवा, बारकोड तपासा आणि वर्ष बघा. परीक्षेच्या अर्जात क्रमांक आणि तारीख जुन्या अर्जातून उतरवू नका, समोरच्या दाखल्यावरूनच भरा. गेल्या वर्षीचा क्रमांक तसाच राहिलेले अर्ज मी दर फेब्रुवारीला दुरुस्त करते.