दोन नायक, एक गळा: तेलुगू चित्रपटगीतांच्या सुवर्णकाळामागची कथा

लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांचं ‘कुहू कुहू बोले कोयलिया’ मराठी श्रोत्यांना पाठ आहे. सोहनी, बहार, जौनपुरी आणि यमन अशा चार रागांतून फिरणारी ही रागमाला आधी तेलुगूत बांधली गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५७च्या तेलुगू ‘सुवर्णसुंदरी’साठी संगीतकार आदिनारायण राव यांनी ती गायक घंटसाला आणि गायिका जिक्की यांच्याकडून गाऊन घेतली. पडद्यावर अक्किनेनी नागेश्वर राव होते, आणि त्यांच्यासमोर संगीतकारांच्या पत्नी अंजली देवी. हिंदी गाण्यावर प्रेम असलेल्याने मूळ तेलुगू गाणंही ऐकावंच. घंटसालांचा खालच्या पट्टीतला भरदार आवाज त्याच सुरांना वेगळंच वजन देतो.

तेलुगू चित्रपटांचा सुवर्णकाळ म्हटला की आधी चेहरे आठवतात. एन. टी. रामाराव, नागेश्वर राव, सावित्री, एस. व्ही. रंगाराव. पण हा काळ समजून घ्यायचा तर घंटसालांच्या गळ्यापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. आणि त्या गळ्याचा माग काढत गेलं की आपण रंगभूमीवर पोहोचतो.

तेलुगू रंगभूमीवर पद्याचं राज्य होतं. छंदोबद्ध पद्य रागात गायचं, पण तालाशिवाय. नट एखाद्या ओळीवर थांबून दीर्घ आलाप घेई आणि प्रेक्षक ‘वन्समोर’ची मागणी करत. आपल्या संगीत नाटकांवर वाढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. या रंगभूमीशी मराठीचं नातंही आहे. १८८५मध्ये कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात वनारस गोविंदराव यांनी ‘कीचकवधम’ उभं केलं आणि त्यातून सुरभी नाटक मंडळी जन्माला आली. ही कुटुंबं आरे मराठी समाजाची, मूळची महाराष्ट्रातली, पूर्वी चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी. पहिला तेलुगू बोलपट ‘भक्त प्रह्लाद’ १९३२ साली आला. त्याचं चित्रीकरण मुंबईत झालं आणि त्यातली लीलावती, म्हणजे प्रह्लादाची आई, होती सुरभीची कमलाबाई. तेलुगू पडद्याची ही पहिली नायिका.

सुरुवातीच्या चित्रपटांत नट स्वतःच गात. चित्तूर नागय्या हे त्या काळाचं शिखर. १९४६च्या ‘त्यागय्या’त दिग्दर्शन, संगीत, अभिनय आणि गायन सगळं त्यांचंच होतं. पी. भानुमती तर पुढेही आयुष्यभर स्वतःची गाणी स्वतः गात राहिल्या. पण पार्श्वगायन रुळलं तसा नटाला गळा असण्याचा आग्रह संपला. नागेश्वर राव सुरुवातीला आपली गाणी आपणच म्हणत. १९४८च्या ‘बालराजू’त त्यांना घंटसालांचा आवाज मिळाला. दुसऱ्याच वर्षी ‘मनदेशम’मधून रामाराव पडद्यावर आले, आणि त्या चित्रपटाचे संगीतकारही घंटसालाच होते.

तिघेही कृष्णा जिल्ह्याचे. घंटसाला वेंकटेश्वर राव १९२२चे, रामाराव १९२३चे, नागेश्वर राव १९२४चे. वडील लवकर गेल्यावर घंटसाला गाणं शिकायला विजयनगरमला गेले. तिथल्या महाराजांच्या संगीत महाविद्यालयात शिकताना माधुकरी मागून जेवत. १९४२च्या चळवळीत तुरुंगवासही भोगला. मग मद्रासला येऊन कोरसमध्ये उभे राहिले, छोट्या भूमिका केल्या.

त्यांचं मोठं काम मला पद्यात दिसतं. रंगभूमीवरचं पद्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचं म्हणून वरच्या पट्टीत आणि लांबलचक आलापांनी गायलं जाई. माइक आल्यावर त्या ताकदीची गरज उरली नाही, हे घंटसालांनी ओळखलं. त्यांनी आलाप छाटले, शब्द स्वच्छ ठेवले, रागाला अर्थाच्या मागे चालायला लावलं. करुणश्री यांच्या कवितेवरचं ‘पुष्पविलापम’ ऐकावं. खुडल्या जाणाऱ्या फुलांची तक्रार आहे ती, आणि तेलुगू न कळणाऱ्यालाही तिच्यातलं दुःख जाणवतं. रामारावांच्या पौराणिक भूमिकांना ही गायकी अगदी नेमकी बसली. त्यांची संवादफेक संपते आणि पद्य सुरू होतं तिथे आवाज बदलल्याचं जाणवतच नाही.

आणि तोच गळा नागेश्वर रावांचाही. ‘देवदासु’ (१९५३) मधली नशेत बुडालेली, विस्कटलेली गाणी त्याचीच. त्या चित्रपटाचे तरुण संगीतकार सी. आर. सुब्बरामन काम पुरं होण्याआधीच, १९५२ साली वारले. मग उरलेलं त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केलं. हळवा, शहरी प्रेमिक नागेश्वर राव आणि देव-राजे रंगवणारा वीर रामाराव, असे हे दोन नायक. त्यांच्या चाहत्यांत चुरस होती, पण ज्या आवाजावर ते जीव टाकत तो एकच होता.

याचा कळस ‘मायाबजार’मध्ये आहे. मार्च १९५७मध्ये आलेला विजया प्रॉडक्शन्सचा हा चित्रपट के. व्ही. रेड्डी यांनी दिग्दर्शित केला. कथा आपल्याला वत्सलाहरण म्हणून ठाऊक आहे. तेलुगूत वत्सलेची शशिरेखा होते. सावित्री ही शशिरेखा, नागेश्वर राव अभिमन्यू, रामाराव कृष्ण, रंगाराव घटोत्कच. ‘लाहिरी लाहिरी लाहिरिलो’ या नौकेतल्या गाण्यात आधी अभिमन्यू आणि शशिरेखा गातात, मग कृष्ण आणि रुक्मिणी. दोन्ही पुरुषांना घंटसालांचाच आवाज, दोन्ही स्त्रियांना पी. लीला यांचा, आणि तरीही काही खटकत नाही. छायाचित्रकार मार्कस बार्टली यांनी टिपलेलं चांदणं आणि पिंगळी नागेंद्रराव यांचे सोपे, लयदार शब्द यांनी ते तोललं आहे. चाल एस. राजेश्वर राव यांची. चार गाण्यांच्या चाली करून ते बाजूला झाले, पुढचं संगीत घंटसालांनी केलं.

राजेश्वर राव हे या काळाचे दुसरे महत्त्वाचे संगीतकार. ‘मल्लीश्वरी’ (१९५१) मध्ये देवुलपल्ली कृष्णशास्त्री यांच्या कवितेला त्यांनी दिलेल्या चाली मला त्या दशकातलं सर्वात तरल काम वाटतात. ‘मिस्सम्मा’ (१९५५) मध्ये त्यांनी रामारावांसाठी ए. एम. राजा यांचा मऊ आवाज घेतला. त्यातल्याच एका गाण्याची चाल हिंदीत ‘वृंदावन का कृष्ण कन्हैया’ होऊन आपल्यापर्यंत आली. त्याच वर्षी ‘संतानम’साठी लताबाई थेट तेलुगूत गायल्या, ‘निदुरपोरा तम्मुडा’. संगीतकार सुसर्ल दक्षिणामूर्तींची ही अंगाई आहे.

संगीतकार पेंड्याल नागेश्वर राव यांनी शास्त्रीय बाज आणखी पुढे नेला. ‘जगदेकवीरुनि कथा’ (१९६१) मधलं ‘शिवशंकरी’ हे दरबारी कानडातलं गाणं रामारावांवर चित्रित आहे. दरबारी ऐकायची सवय असलेल्या मराठी कानाला ते लगेच आपलं वाटेल. ‘नर्तनशाला’त (१९६३) मात्र रामाराव बृहन्नला झाले, आणि त्या भूमिकेसाठी एम. बालमुरलीकृष्ण यांचा गळा घेतला गेला. त्याच वर्षीच्या ‘लवकुश’मध्ये, पहिल्या संपूर्ण रंगीत तेलुगू चित्रपटात, लव-कुशांसाठी पी. लीला आणि पी. सुशीला एकत्र गायल्या. सुशीलाही विजयनगरमच्याच.

११ फेब्रुवारी १९७४ रोजी घंटसाला गेले. त्यांनी गायलेली भगवद्गीता त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली आणि आंध्रातल्या देवळांतून, घरांतून ती अजूनही वाजते. १९७७मध्ये रामारावांनी ‘दानवीरशूर कर्ण’ काढला. कृष्ण, कर्ण आणि दुर्योधन तिन्ही भूमिका त्यांनी केल्या, संगीत पेंड्यालांचं होतं. त्यातल्या पद्यांसाठी आणि गाण्यांसाठी व्ही. रामकृष्ण, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि आणखी काही गायक घ्यावे लागले.